‘मी’ म्हणणारा कोण?

‘श्यामच्या आईचे स्वभावचित्र तुमच्या शब्दांत रेखाटा.’ मराठी माध्यमात शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून हा प्रश्न विचारा, उत्तर तयार असतं. प्रेमळ, संस्कारी, स्वाभिमानी, श्रद्धाळू, कष्टाळू. पाच विशेषणं, प्रत्येकाला एकेक प्रसंग, आणि शेवटी ‘अशी माता सर्वांना लाभो’. ‘तुमच्या शब्दांत’ ही अट ना मुलं मनावर घेत, ना पेपर तपासणारे. पुढे कृतिपत्रिका आल्या, त्यांत ‘स्वमत’ नावाचा प्रश्न आला. बघता बघता गाइडांमध्ये स्वमतंही छापून आली. आता मुलं स्वतःचं मत पाठ करतात आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. हा विनोद आपला आपणच घडवला आहे, त्यामुळे त्यावर फार मोठ्याने हसताही येत नाही.

यंदाच्या अंकातला विशेष विभाग शाळेतल्या कादंबरीवर आहे. विषय ठरला तेव्हा संपादक मंडळातल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, ‘शाळेत कादंबरी असते कुठे?’ प्रश्न रास्त होता. शाळेत कादंबरीचा उतारा असतो. दोन-तीन पानं, खाली कठीण शब्दांचे अर्थ, त्याखाली आकृती पूर्ण करा. मुलाला वाटतं, कादंबरी म्हणजे धड्याचाच एक प्रकार. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्हीही पेढे खाल्ले. पण दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुलांनी एकही मराठी कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वर्गात वाचलेली नसते. त्याच गल्लीतली आयसीएसईची मुलं नववी-दहावीच्या दोन वर्षांत शेक्सपिअरचं एक नाटक पूर्ण वाचतात. गाइडं त्यांच्याकडेही आहेत, घोकंपट्टीही आहे. पण कलाकृतीला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो, तिसऱ्या अंकात कळलेल्या गोष्टीने पहिल्या अंकाचा अर्थ बदलतो, एवढं तरी त्यांच्या अनुभवाला येतं. चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी पंधरा वर्षांच्या मुलांना पेलते आणि माडगूळकरांची मराठी पेलणार नाही, असं आपण कशावरून ठरवलं?

उतारा आणि अख्खं पुस्तक यांत किती फरक पडतो, हे पाहायला ‘श्यामची आई’सारखं दुसरं पुस्तक नाही. उताऱ्यांतून, वक्तृत्व स्पर्धांतून, कथाकथनांतून भेटते ती पदर पसरून त्यावर ओले पाय ठेवू देणारी आई, अळणी भाजी मुकाट्याने खाणाऱ्या घरातली आई. एकेक प्रसंग सुटा घेतला की त्यातून एकेक संस्कार निघतो. पण बेचाळीस रात्री ओळीने वाचा. मग दिसतं की हे एका खोताच्या घराचं हळूहळू कोसळणं आहे. घर विभक्त होतं, कर्ज वाढतं, सावकाराचा माणूस दारात येतो, जप्ती येते, दागदागिन्यांपाठोपाठ अब्रू जाते, शेवटी आईही जाते, आणि त्या क्षणी श्याम जवळ नसतो. वसुलीला आलेल्या माणसाला ही आई जे सुनावते, ते ‘प्रेमळ’ या विशेषणात बसत नाही. पालगडच्या त्या घरावर किती कर्ज होतं, कशामुळे झालं, वडिलांचा त्यात किती दोष, असे प्रश्न चौदा वर्षांचं मूल सहज विचारेल. आपण ते कधी विचारू दिले नाहीत, कारण आपल्याला बोध हवा होता.

त्याहून मोठा प्रश्न सांगणाऱ्याचा आहे. ही गोष्ट लहान श्याम सांगत नाही. रात्री आश्रमातल्या मित्रांना ती सांगतो तो मोठा झालेला श्याम. आणि त्याच्यामागे लिहायला बसलेले साने गुरुजी आहेत, 1933 साली, नाशिकच्या तुरुंगात. त्यांची आई 1917 मध्येच गेली होती. सोळा वर्षांपूर्वी गेलेल्या आईबद्दल तुरुंगातला मुलगा लिहितो, तेव्हा तो काय विसरतो, काय उजळ करतो, कशाची रुखरुख त्याला अजून सोडत नाही? हा प्रश्न विचारला म्हणून आईचं प्रेम कमी होत नाही. उलट प्रत्येक रात्रीच्या शेवटी डोळे का भरून येतात, ते कळू लागतं. श्याम आणि साने गुरुजी पुष्कळसे एक आहेत, पण पूर्ण एक नाहीत. त्या दोघांमधली फट दाखवता आली तर कादंबरी शिकवण्याचं निम्मं काम झालं, असं माझं मत आहे.

आपल्या मोठ्या कादंबऱ्या एकेक आठवून पाहा. ‘पण लक्षात कोण घेतो’ यमू सांगते. ‘रणांगण’ चक्रधर सांगतो. ‘बनगरवाडी’ मास्तर सांगतो, ‘कोसला’ पांडुरंग सांगवीकर. मराठी कादंबरीत ‘मी’ म्हणणाऱ्यांची कमतरता नाही. आणि आपल्या वर्गांत मात्र ‘लेखक म्हणतात’ असंच शिकवलं जातं, जणू पानावरचं प्रत्येक वाक्य लेखकाने सही करून दिलेलं आहे. यमू, चक्रधर, मास्तर हे सगळे आपापल्या जागेवरून बोलतात. त्यांना काही दिसतं, काही दिसत नाही. कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, भाषाशैली असे चार खण पाडून नोट्स देणं सोपं असतं, बीएच्या वर्गातून ते शाळेपर्यंत झिरपलंही आहे. माझ्या मते दोनच प्रश्न पुरतात: हे कोण सांगतंय, आणि त्याला काय दिसत नाही?

सुरुवात ‘बनगरवाडी’पासून करावी, असं मी गेली काही वर्षं भेटेल त्या शिक्षकाला सांगत आलो आहे. कारणं साधी आहेत. सव्वाशे पानांच्या आसपासचं पुस्तक, वाक्यं छोटी. आणि सांगणारा राजाराम स्वतःच मास्तर आहे, पण वयाने नववी-दहावीच्या मुलांहून फार मोठा नाही. पहिलीच नोकरी, औंध संस्थानातली माणदेशातली धनगरांची वाडी, शाळेत पोरं नाहीत. पोरं मेंढरांमागे. मास्तर जमेल तशी शाळा उभी करतो, मग गावासाठी तालीम बांधायचं मनात घेतो. माणसं राबतात, इमारत उभी राहते, खुद्द राजेसाहेब येतात. आणि त्यानंतर पाऊस पडत नाही. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी रिकामी होते.

आता इथे वर्गाला विचारा, तालीम कुणाला हवी होती? गोष्ट सांगणारा मास्तर उत्साहात आहे, त्यामुळे वाचणाराही उत्साहात येतो. पण औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते होते, हे मुलांना सांगितलं की त्या संस्थानातल्या मास्तराला तालीमच का सुचली, विहीर का सुचली नाही, यावर वर्ग बोलू लागतो. (योगायोग असा की श्यामही पुढे शिकायला औंधलाच जातो. दोन पुस्तकांतलं औंध शेजारी ठेवून पाहायला एखाद्या हुशार मुलीला सांगावं.) या अंकात लिहिणाऱ्या एका शिक्षिकेच्या वर्गात यावरून सरळ दोन तट पडले. मेंढरांवर जगणाऱ्या गावाला तालमीचा काय उपयोग, हा एक पक्ष. दुसरा पक्ष म्हणाला, एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं त्या बांधकामावर एकत्र आली, तेवढ्यासाठी तरी ती हवीच होती. दोन्ही बाजूंनी पुस्तक उघडून पानं दाखवली. बाईंनी निकाल दिला नाही. त्या लेखातला हा भाग मला सगळ्यांत आवडला, कारण स्वमत म्हणतात ते हेच. आपलं मत मांडायचं आणि ते पुस्तकातल्या कुठल्या पानावर उभं आहे, ते बोट ठेवून दाखवायचं.

त्याच कादंबरीत शेकूच्या बायकोचा प्रसंग आहे. बैल एकच उरलेला, म्हणून दुसऱ्या बाजूला ती स्वतः जुवाला खांदा लावते. परीक्षेत यावर ‘स्त्रीच्या कष्टांचे दर्शन’ असा मुद्दा लिहिता येतो, आणि तो लिहिला की प्रसंग संपतो. पण माडगूळकर तिथे भाषण ठोकत नाहीत. मास्तर पाहतो, सांगतो, पुढे जातो. तो गप्प का राहतो? त्याला धक्का बसला नाही, की बसलेला धक्का सांगायला शब्द नाहीत, की त्या गावात ही गोष्ट जगावेगळी नाही आणि मास्तरही आता त्या गावाचा झाला आहे? तीन उत्तरं झाली. चौथं कुणा मुलाकडून येईल, आणि बहुधा ते दुष्काळी तालुक्यातल्या मुलाकडून येईल. अंजीच्या चोळीवरून कारभारी मास्तरावर रागावतो, तिथेही हाच प्रश्न ठेवावा. मास्तराला त्यात वावगं काहीच दिसत नाही. कारभाऱ्याला दिसतं. आपण मास्तराच्या डोळ्यांनी पाहतो म्हणून आपल्यालाही दिसत नाही. पंधराव्या वर्षी हे एकदा उमगलं की बातमी, भाषण, व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर, सगळंच जरा थांबून वाचायची सवय लागते.

हरिभाऊंची गोष्ट वेगळी. ‘पण लक्षात कोण घेतो’ जाडजूड आहे, भाषा सव्वाशे वर्षांपूर्वीची, आणि एका बैठकीत ती वाचायला सांगणं म्हणजे मुलांना कादंबरीपासून कायमचं पळवून लावणं. पण ती एका बैठकीत वाचण्यासाठी लिहिलेलीच नव्हती. 1890 पासून ती ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती. घराघरांत लोक पुढच्या अंकाची वाट पाहत होते. मग वर्गातही ती तशीच का वाचू नये? शनिवारची सकाळची शाळा असते, शेवटचा तास असाही मुलांच्या अंगावर येतो. त्या तासाला एकेक प्रकरण मोठ्याने वाचावं आणि ऐन रंगात थांबावं. आठवडाभर पोरं भांडतील, यमूचं पुढे काय होणार म्हणून. मग सांगावं, की ही कादंबरी छापली जात होती त्याच काळात, मार्च 1891 मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचं संमतिवय 10 वरून 12 वर्षांवर गेलं. त्यावरून पुण्यात केवढं रण माजलं होतं, तेही सांगावं. यमू ज्या वयात लग्न होऊन सासरी जाते, ते वय वर्गातल्या सगळ्याच मुलींनी केव्हाच मागे टाकलेलं आहे. शिक्षकाने वेगळं काही बोलायची गरज पडत नाही.

आणि मग मुख्य प्रश्न. विधवा झालेल्या, केशवपनाच्या भीतीत जगलेल्या मुलीचा ‘मी’ ज्याने लिहिला तो सव्वीस वर्षांचा पुरुष होता. त्याला हे कुठवर कळलं असेल? कुठे यमू बोलते, आणि कुठे तिच्या तोंडून सुधारक हरिभाऊ बोलतात? नववीच्या मुलींना यात फरक करता येतो. ‘हे वाक्य बाई म्हणणार नाही’ असं त्या बिनदिक्कत सांगतात, आणि बऱ्याचदा त्यांचं बरोबर असतं. दुसरीकडे भातुकलीचे, भावंडांच्या भांडणाचे भाग त्यांना इतके खरे वाटतात की लेखक पुरुष होता यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

‘रणांगण’ अकरावी-बारावीसाठी राखून ठेवावी. 1939 ची ही छोटी कादंबरी. युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून निघालेले ज्यू, त्यांत हॅर्टा, आणि तिच्या प्रेमात पडत असतानाही स्वतःला राखून ठेवणारा चक्रधर. त्याला मुंबईला उतरायचं आहे, तिला उतरायला गाव नाही. हा ‘मी’ इतर सगळ्यांहून कमी विश्वासाचा आहे. सतराव्या वर्षी मुलं स्वतः प्रेमात पडत असतात, त्यामुळे चक्रधराची लबाडी ती आपल्याआधी पकडतात.

हे सगळं कागदावर छान दिसतं, असं शिक्षक म्हणतील. पोर्शन कधी पुरा करायचा? वर्गात साठ मुलं, ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप, पुस्तकाची प्रत एक. मला हे मान्य आहे. पण एक प्रत पुरते, जर शिक्षक मोठ्याने वाचणार असेल. चांगलं वाचणारे शिक्षक अजून आहेत, फक्त त्यांच्याकडून वाचून घेणं आपण थांबवलं आहे. आणि गुणांचं म्हणाल तर दहावीला भाषेच्या 100 पैकी 20 गुण शाळेच्याच हातात असतात. ते बहुतेक ठिकाणी सगळ्यांना सारखेच वाटले जातात. त्यातले निम्मे एका कादंबरीला द्या. लेखी प्रश्न नको, मुलाने पुस्तक उघडून दोन पानं दाखवावीत आणि तिथे सांगणाऱ्याला काय दिसलं नाही ते बोलावं. या परीक्षेचं गाइड काढायला प्रकाशकांना थोडा तरी वेळ लागेल.

2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली. इंग्रजी माध्यमाच्या मुलांसमोर तेव्हापासून मराठी आली ती व्याकरण आणि निबंध होऊन. त्या मुलांना ‘बनगरवाडी’ अवघड जाईल, अशी भीती मला वाटत नाही. त्यांना माणदेश परका आहे, तसा मास्तरालाही वाडीत पाऊल टाकताना तो परकाच होता.

विशेष विभागातले लेख प्राथमिकपासून कनिष्ठ महाविद्यालयापर्यंतच्या शिक्षकांचे आहेत, आणि ते एकमेकांशी सहमत नाहीत. एकाला माझं हे ‘मी’चं प्रकरण फाजील वाटतं, शाळेत गोष्टीची गोडी लागली तरी पुष्कळ झालं, असं त्याचं म्हणणं आहे. तो लेख आम्ही मुद्दाम पहिला छापला आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरं सत्र सुरू होईल. डिसेंबर स्नेहसंमेलनात जातो आणि फेब्रुवारीपासून सराव परीक्षा लागतात, म्हणजे जानेवारी तेवढा मोकळा उरतो. नववीला एका महिन्यात ‘बनगरवाडी’ होते. कुणी करून पाहिलं तर वर्गात काय झालं ते आम्हाला कळवा, फसलं असेल तरी कळवा, पुढच्या अंकात जागा ठेवली आहे.