लेखनशिबिर आणि सम्यक् वाचा

स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांचे निबंध निवडण्याचे काम आम्हा भाषाशिक्षकांकडे येते. या वेळी आम्ही ‘वसतिगृहातील माझा पहिला दिवस’ हा विषय दिला होता. आलेले निबंध वाचताना आम्ही अस्वस्थ झालो. अक्षर नीटनेटके होते, शुद्धलेखनही बरे होते. परंतु जवळजवळ प्रत्येक निबंधात इमारत भव्य होती, शिक्षक प्रेमळ होते आणि भोजन रुचकर होते. पहिल्या रात्री कोणीही रडले नव्हते. त्या रात्री खोल्यांतून फेरी मारणाऱ्या आम्हांला मात्र ठाऊक आहे की अनेक जण रडले होते. एका वहीत खोडलेली दोन वाक्ये दिसली. दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला जातात, घराला कुलूप लागते, म्हणून मला येथे ठेवले, एवढाच त्यांचा आशय. मुलाने ती खोडून वर ‘निसर्गरम्य परिसर’ असे लिहिले होते.

ही वाक्ये त्याने का खोडली असावीत? आपल्याला काय ऐकायला आवडते, हे मुलांनी ओळखले आहे. दोष मुलांचा नाही, ऐकणाऱ्यांचा आहे. हा विचार मनात घोळत असताना आम्हांला एका लेखिकेचे कार्य वारंवार आठवत राहिले.

मॅक्सिन हाँग किंग्स्टन या चिनी वंशाच्या अमेरिकन लेखिका. त्यांचा जन्म 1940 साली कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे झाला. आईवडील चीनमधून स्थलांतरित झालेले. उपजीविकेचे साधन कपडे धुण्याचे दुकान. ‘द वुमन वॉरियर’ हे त्यांचे पहिले पुस्तक 1976 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभी आई मुलीला घराण्यातील एक दडवलेली गोष्ट सांगते आणि ती कोणालाही सांगू नकोस, असे बजावते. पुढे याच पुस्तकातील मुलगी शाळेत बोलत नाही. आपल्या चित्रांवर ती काळा रंग फासते. शिक्षकांना ते काहीतरी बिघडल्याचे लक्षण वाटते. मुलीच्या मनात मात्र तो रंगमंचाचा पडदा असतो, लवकरच वर जाणारा. आमच्या वर्गातही असे पडदे आहेत. ते वर जाण्याची वाट पाहण्याइतका धीर आमच्यापाशी असतो का, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला.

‘ट्रिपमास्टर मंकी’ ही किंग्स्टन यांची कादंबरी 1989 मध्ये आली. त्यानंतर त्या शांतीविषयीच्या नव्या कादंबरीवर काम करीत होत्या. ऑक्टोबर 1991 मध्ये वडिलांच्या अंत्यविधीनंतरच्या कार्याहून परतताना त्यांना ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटलेला दिसला. त्यात त्यांचे घर जळाले आणि दीडशेहून अधिक पानांचे हस्तलिखितही. एकटीने बसून ते पुन्हा लिहिण्याऐवजी त्यांनी माणसे जमवली. व्हिएतनामी भिक्खू थिच न्हात हान हे अमेरिकन सैनिकांसाठी ध्यानशिबिरे घेत असत. ज्या देशात हे सैनिक लढले, त्याच देशातील एक भिक्खू त्यांना श्वासावर लक्ष ठेवण्यास शिकवीत होता. किंग्स्टन यांनी त्या साधनेला लेखनाची जोड दिली आणि 1993 पासून युद्धातून परतलेल्यांसाठी लेखनशिबिरे सुरू केली.

या शिबिरांची पद्धत साधी आहे. घंटेचा नाद होतो. सर्व जण मौनात बसतात. मग एकत्र बसून, परंतु ज्याचे त्याने, लिहायचे. जेवण मौनात, त्यानंतर सावकाश चालत ध्यान. दुपारनंतर लिहिलेले मोठ्याने वाचायचे आणि इतरांनी लक्षपूर्वक ऐकायचे. आमच्या मते या पद्धतीचे मर्म शेवटच्या भागात आहे. घरी ज्यांना ‘झाले गेले विसरून जा’ असेच ऐकावे लागले होते, त्यांना येथे पूर्ण ऐकून घेणारी माणसे भेटली. ‘व्हेटरन्स ऑफ वॉर, व्हेटरन्स ऑफ पीस’ हा या लेखनाचा संग्रह 2006 मध्ये किंग्स्टन यांनी संपादित केला. त्यात निरनिराळ्या युद्धांतील सैनिक आहेत, परिचारिका आहेत आणि सैनिकांचे कुटुंबीयही आहेत.

‘लेखक जन्मावा लागतो, शिबिरातून घडत नाही,’ असा आक्षेप आपल्याकडे नेहमी घेतला जातो. शिबिरातून प्रतिभा येत नाही, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु आपल्या मुलांतून साहित्यिक निर्माण करावेत, असा आमचा आग्रह नाही. आपल्या आयुष्यातील खरी गोष्ट आपल्या शब्दांत सांगता यावी आणि दुसऱ्याची ऐकता यावी, एवढेच आम्ही मागतो. हे शिकवता येते.

अष्टांगिक मार्गातील सम्यक् वाचा आपण मुलांना बहुधा निषेधाच्या रूपात शिकवतो. खोटे बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, व्यर्थ बडबड करू नये. हे योग्यच आहे. परंतु जे आहे ते निर्भयपणे आणि मैत्रीभावाने सांगणे, ही तिची दुसरी बाजू आपण शिकवलेली नाही. तथागतांच्या उपदेशाचा आरंभच ‘दुःख आहे’ या स्वीकाराने होतो. मग आपल्या मुलांच्या निबंधांत दुःखाला प्रवेश का नसावा?

आपल्या समाजाला हे नवे नाही. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमचं’ कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून लिहिले. दुसरीकडे, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात गंगाधर पानतावणे यांनी उभे केलेले ‘अस्मितादर्श’ आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे यांनी असंख्य नवोदितांना व्यासपीठ दिले. ऐकणारे कोणी नसले तर लिहिणाऱ्याला किती काळ लपून राहावे लागते आणि असले तर किती जण पुढे येतात, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलांना दुःख लिहायला लावणे म्हणजे त्याचे प्रदर्शन मांडणे नव्हे काय? ही भीती रास्त आहे. म्हणून आमच्या मनात काही अटी आहेत. वाचून दाखवण्याची सक्ती कोणावरही नसावी. या लेखनाला गुण नसावेत, लाल शाई नसावी. देणगीदारांसमोर अथवा समारंभात ते मुलाच्या इच्छेविरुद्ध वाचले जाऊ नये. आनंदाचे प्रसंग लिहिण्यासही तितकीच मोकळीक असावी. आणि एखाद्या वहीत खोल जखम दिसली, तर ध्यान व लेखन हे उपचार नव्हेत, हे ओळखून आम्ही जाणत्या समुपदेशकाकडे जावे.

आमची सूचना अशी. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात दर महिन्याच्या एका रविवारी, सकाळच्या वंदनेनंतर दोन तास यासाठी राखून ठेवावेत. वीस मिनिटे आनापान, चाळीस मिनिटे लेखन आणि उरलेला वेळ वाचन व श्रवण. यासाठी वही, पेन्सिल आणि विहारातील सतरंजी एवढेच पुरे. माजी विद्यार्थ्यांनी यावे आणि आपली वसतिगृहातील पहिली रात्र स्वतः लिहून वाचावी. मोठ्यांनी आधी खरे सांगितले तर लहानांना धीर येईल. पालकांनीही यावे. ज्या मातांना लिहिता येत नाही, त्यांनी सांगावे आणि त्यांच्या मुलांनी ते उतरवून घ्यावे.

आम्हीही मुलांसोबत बसून लिहू. या स्मरणिकेत त्या मुलाचा निबंध छापलेला नाही. त्याची खोडलेली वाक्ये त्याला न विचारता छापणे आम्हांला योग्य वाटले नाही, आणि ‘निसर्गरम्य परिसर’ छापण्याचे मन झाले नाही. पुढील स्मरणिकेच्या वेळी आम्ही त्याला विचारू. त्याने होकार दिला तर ते पान आरंभी छापावे, अशी संपादक मंडळाला आमची विनंती आहे.