उपाशी मूळ खोल जात नाही

"पिकाला थोडं उपाशी ठेवा, मुळं आपोआप खोल जातील आणि हवं ते शोधून घेतील." पोटॅशचं पोतं महागल्यापासून गव्हाच्या बाबतीत हे मत फारच ठासून मांडलं जातं. जोडीला दुसरं असतंच: आपल्या काळ्या जमिनीत पालाश मुबलक आहे, वरून कशाला द्यायचा?

पहिल्या मतात तथ्य आहे, पण ते नत्र-स्फुरदापुरतं. यांची टंचाई झाली की झाड पानांची वाढ आवरतं आणि साखरेचा मोठा वाटा मुळांकडे वळवतं. पालाशाचं उलट आहे. पानात तयार झालेली साखर वाहिन्यांत भरून खाली धाडायलाच पालाश लागतो. तो कमी पडला की साखर पानात अडकते आणि मुळाची उपासमार होते. १९९४ मध्ये चाकमाक, हेंगेलर आणि मार्शनर या संशोधकांनी घेवड्याच्या रोपांत हेच दाखवलं: स्फुरद तोडल्यावर मुळांचा वाटा वाढला, पालाश तोडल्यावर घटला. ज्याला खोल जायला सांगता, त्याचीच शिदोरी तुम्ही काढून घेता!

मूळ स्वस्थ बसत नाही, हे खरं. ते केशमुळं लांबवतं, पेशींच्या पडद्यावरची पालाश खेचणारी प्रथिनं वाढवतं. पण या धडपडीलाही किंमत आहे. पालाशाविना वाढवलेल्या गव्हाच्या मुळांतून १९९४ मध्येच 'एचकेटी१' हा जनुक वेगळा काढला गेला. पालाश आत घेणारा म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पुढे कळलं की त्याच्या वाटेनं सोडियमच मोठ्या प्रमाणात आत शिरतो. चोपण जमिनीतल्या गव्हाला असली वाट उघडणं परवडणारं नाही.

आता मुबलकतेचं. माती परीक्षणाच्या अहवालातला आकडा खोटा नाही. पण पालाश मुळापर्यंत येतो तो मुख्यतः विसरणानं, मातीतल्या ओलाव्यातून मिलिमीटर-मिलिमीटर सरकत. मुळाभोवतीचा काही मिलिमीटरांचा पट्टा रिकामा झाला की पुढचा साठा असून नसल्यासारखा. रब्बीत वरचा थर वाळला की ही चाल आणखी मंदावते. भारी जमिनीतली चिकणमाती पालाश घट्ट धरून ठेवते, ते वेगळंच. म्हणून प्रश्न साठा किती हा नाही, मूळ त्याला किती ठिकाणी भिडतं हा आहे. शंका असेल त्यानं रोप खुरप्यानं अलगद उकरून हलकेच झटकावं. केशमुळं भरपूर असली की मुळाला मातीचं अस्तर चिकटून राहतं. नसली की मूळ उघडं निघतं. पालाश कमी पडला की जमिनीवर खालच्या पानांच्या कडाही शेंड्याकडून करपलेल्या दिसतात. नत्राच्या कमतरतेत पान सरसकट पिवळं पडतं, तसं हे नव्हे.

डोळे झाकून पोती ओता, असं मी म्हणत नाही. अहवालात पालाश भरपूर असेल आणि काड शेतातच जिरत असेल, तिथं मात्रा जरूर कमी करा. पण गव्हानं उचललेल्या पालाशाचा बहुतांश भाग दाण्यात नव्हे, काडात असतो. भुसा दरवर्षी विकून 'जमिनीत आहेच की' म्हणणं हा हिशेब नाही. बागायती वेळेवर पेरणीला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश ही शिफारस आहे. त्यातला पालाश सगळा पेरणीलाच, दोन चाड्यांच्या पाभरीनं बियाण्याच्या खाली पडायला हवा. मुकुटमुळं फुटतात ती अठरा ते एकवीस दिवसांनी, आणि तेव्हा तो ओलीत, त्यांच्या वाटेवर असायला हवा. पान करपल्यावर फेकलेलं पोटॅश वरच्या कोरड्या थरात पडून राहतं.