पाना पारखून घ्यावा

ज्याचा क्रमांक पूर्वीं ६ होता व आतां ५३ आहे, तो राष्ट्रीय महामार्ग आपल्या भंडारा, लाखनी व साकोली या गांवांवरून जातो. त्याच्या कडेस चाक पंक्चर होऊन उभी राहिलेली मालमोटार आमच्या वाचकांपैकीं कोणीं पाहिली नसेल? नट हलत नाहीं. मग पान्यावर लाथा पडतात, शेवटीं छिन्नी-हातोडा निघतो. हा प्रकार आम्हांस मुळींच पसंत नाहीं. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचें नांव सर्वश्रुत आहे. भांडें घडविणारा कारागीर ठोका पाहून हातोडा निवडतो. मग चाकाशींच हेळसांड कां?

नटास सहा बाजू. स्क्रू-पान्याचा जबडा त्यांतील दोनच धरतो, व त्याही सैल; त्यामुळें कोपरे झिजून नट गोल होतो. बारा कोनांचा गोटी-पाना कोपऱ्यांजवळ जोर देतो, सहा कोनांचा सपाट बाजूंवर. म्हणून गंजलेल्या नटास नेमक्या मापाचा, जाड, सहा कोनीच पाना हवा. दांडा लांब असावा. ६० किलोचा माणूस १ फुटावर जेवढें पिळूं शकतो, त्याच्या दुप्पट २ फुटांवर. पाईप अडकविण्याची युक्ति सर्वांस ठाऊक आहे, परंतु बारीक दांड्यास ती सोसत नाहीं; तो मोडला कीं माणूस तोंडावर पडतो. अवजड मोटारींसाठीं दांतेरी चक्रांचा पाना मिळतो, तो थोड्या जोरांत मोठें काम करतो. (गडेगांवीं अशोक लेलँडच्या कारखान्यांत गिअरबॉक्स होतात, तत्त्व तेंच.)

चाक जमिनीवर टेकलेलें असतांनाच नट सैल करावे. जॅकवर चढविलेली गाडी हिसक्यानें घसरते. गंजावर तेल सोडून पाव तास थांबावें. तें ब्रेकवर मात्र जाऊं देऊं नये. कांहीं जुन्या मालमोटारींच्या डाव्या चाकांस उलटे आटे असतात. हें न जाणणारा गडी नट सोडवितों म्हणून आवळीतच बसतो!

आमचा खरा आक्षेप निराळाच आहे. कित्येक नट हट्टी होतात ते दुकानांतील हवेच्या यंत्रानें बेसुमार आवळल्यामुळें. आणि असा ताणलेला बोल्ट पुढें धांवत्या गाडींत तुटूं शकतो. तेव्हां शेवटची आवळणी जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानेंच करा, असें पालकांनीं दुकानदारास स्पष्ट सांगावें, व ५० ते १०० किलोमीटर धांवल्यावर नट पुन्हां तपासून घ्यावे. चार मिनिटें अधिक लागतील, दुकानदार कुरकुर करील, तरी सांगावें.