पॉवर बँकेवरचा आकडा



नववीच्या वर्गात विद्युतप्रभाराचे एकक ‘कूलोम’ आले की मुले ते वहीत उतरवतात आणि परीक्षा झाली की विसरतात. मागच्या महिन्यात मात्र एक मुलगी तास संपल्यावर थांबली. म्हणाली, “सर, नाना-नानी उमराला चाललेत. मामूंनी त्यांच्यासाठी पॉवर बँक आणलीय. तिच्यावर ३०,००० एमएएच लिहिलंय. विमानात नेऊ देतील ना?”

प्रश्न महत्त्वाचा होता. आता व्हिसा, हॉटेलचा पत्ता, रियाजुल जन्नतमध्ये जाण्याचा नुसुक अ‍ॅपवरचा परवाना, सगळे मोबाइलमध्येच असते. हरमच्या गर्दीत फोन बंद पडला तर वयस्कर माणसांनी एकमेकांना शोधायचे कसे? मी म्हटले, “बस बेटा, आपणच हिशोब करू.”

मशिदीतला वुजूचा नळ डोळ्यांसमोर आणा. नळाची धार म्हणजे विद्युतधारा, ती अँपिअरमध्ये मोजतात. त्या धारेने ठरावीक वेळात जेवढे पाणी बादलीत जमले, तो प्रभार. एक अँपिअरची धारा एक सेकंद वाहिली की एक कूलोम प्रभार वाहून जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल कूलोम (१७३६-१८०६) यांचे नाव या एककाला दिले आहे.

‘एमएएच’ म्हणजे मिलिअँपिअर-तास. हेदेखील प्रभाराचेच एकक आहे, फक्त माप वेगळे. एक मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग आणि एका तासात ३,६०० सेकंद. म्हणून,

१ अँपिअर-तास = ३,६०० कूलोम
१ मिलिअँपिअर-तास = ३.६ कूलोम

जकातीचा हिशोब करताना आपण हेच करतो. साडेसात तोळे सोने म्हणजे ८७.४८ ग्रॅम. सोने तेवढेच, पण ग्रॅम हे तोळ्यापेक्षा लहान माप, म्हणून आकडा मोठा झाला. एकक लहान तर आकडा मोठा, एवढे ध्यानात ठेवले की गुणायचे की भागायचे, हा गोंधळ होत नाही.

तिने लगेच मांडले: ३०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ३० अँपिअर-तास, म्हणजेच १,०८,००० कूलोम. मग थबकून म्हणाली, “पण सर, तिकिटासोबतच्या कागदावर तर वॅट-तास लिहिलंय.”

खरी मेख इथेच आहे. वॅट-तास हे प्रभाराचे नव्हे, ऊर्जेचे माप आहे. तीच बादलीभर पाण्याची गोष्ट पाहा. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते की कमरेएवढ्या टाकीतून, यावर त्याचा जोर ठरतो. विजेत ही उंची म्हणजे व्होल्ट. म्हणून अँपिअर-तासांना व्होल्टने गुणले की वॅट-तास मिळतात. पॉवर बँकेतल्या लिथियम सेलचे व्होल्ट साधारण ३.७ असतात.

३० × ३.७ = १११ वॅट-तास

विमानप्रवासाचा सर्वसाधारण नियम असा: १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची चालत नाही. आणि पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत ठेवायची, सामानात जमा करायच्या बॅगेत कधीच नाही. किती नग न्यायचे, विमानात वापरायची की नाही, याबाबत कंपन्यांचे नियम बदलतात; निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

मामूंनी दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन ती बदलून २०,००० ची आणली. २० × ३.७ = ७४ वॅट-तास. नाना-नानींची चिंता मिटली, अल्हम्दुलिल्लाह.

या हिशोबात दोन चुका हमखास होतात. पॉवर बँकेवर ‘आउटपुट ५ व्होल्ट’ असेही छापलेले असते. त्या पाचाने गुणू नका. मोठा एमएएच आकडा आतल्या सेलचा, म्हणजे ३.७ व्होल्टचा असतो. दुसरी चूक म्हणजे १०,००० च्या पॉवर बँकेने ५,००० चा फोन दोनदा पूर्ण भरेल, असे समजणे. व्होल्ट वाढवताना आणि उष्णतेत काही ऊर्जा खर्ची पडते. तो दीडेक वेळा भरला तरी पुष्कळ. दुकानदाराने फसवले असे लगेच म्हणू नये.

मापात कमी देणाऱ्यांना कुरआनने सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक ताकीद दिली आहे. माप पुरे देणे ही विकणाऱ्याची जबाबदारी. पण माप ओळखता येणे, ही घेणाऱ्याचीही गरज आहे. नाहीतर मोठा आकडा पाहून आपण पैसे मोजतो आणि काय घेतले तेच कळत नाही.

या महिन्याचा घरचा अभ्यास: तुमच्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर १५० अँपिअर-तास, १२ व्होल्ट असे लिहिले असेल, तर तिच्यात किती कूलोम आणि किती वॅट-तास? आणि २०,००० आकड्याची पॉवर बँक या १५० आकड्याच्या बॅटरीपुढे एवढी लहान का? मुलांनी अम्मी-अब्बांना समजावून सांगावे. उत्तर इन्शाअल्लाह पुढच्या अंकात.