फॉर्म कोणी भरला?

जून महिन्यात गंगाखेडच्या एका वस्तीत आमची बचत गटाची बैठक चालू होती. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, म्हणून हप्त्याचं बोलणं संपल्यावर विषय मुलांच्या प्रवेशावर गेला. एक बाई गप्प होती. तिला विचारलं, "तुमच्या लेकीला कुठं घातलं?" ती म्हणाली, "मला काय इचारता ताई, फारम तर त्येंनी अन् पाळकसायबांनी भरला."

हे कुटुंब ख्रिस्ती. दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायको कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मुलगा आजीजवळ राहून गावातल्या इंग्रजी शाळेत जातो. त्याची फी उचल घेऊन भरली आहे. दहा वर्षांच्या मुलीला मात्र ओळखीने दूरच्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती वसतिगृहात ठेवलं आहे, कारण तिथे खर्च नाही. मुलाच्या फॉर्मवर 'हिंदू-मांग' लिहिलं आहे, मुलीच्या फॉर्मवर 'ख्रिस्ती'. एका आईची दोन लेकरं कागदावर दोन धर्मांची झाली आणि आईला ते शाळा सुरू झाल्यावर कळलं.

ख्रिस्ती आईबापांनी मुलांना कुठल्या शाळेत घालावं, हा प्रश्न आपल्याकडे दोन टोकांनी बोलला जातो. एक बाजू म्हणते, मिशनच्या शाळेत घालू नका, धर्म बाटतो. दुसरी म्हणते, आपल्याच शाळेत घाला, नाहीतर विश्वास ढळतो. दोन्हीकडे बोलणारे बहुतेक पुरुष असतात. 'पालकांचा निर्णय' असा शब्द सगळे वापरतात, पण त्या शब्दात आई कुठे आहे हे कोणी बघत नाही. मला वाटतं, चळवळीने सुरुवात इथून करायला हवी.

आधी त्या दोन रकान्यांविषयी. बाप लबाड आहे असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती झालेल्या दलितांना अजून घेतलेलं नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेले लोक इतर मागासवर्गीयांत मोजले जातात. म्हणजे प्रार्थनेची जागा बदलली की शिष्यवृत्ती आणि राखीव जागेचा दर्जा बदलतो. राहण्याची जागा मात्र तीच, आणि गावाचं वागणंही तेच. शाळेच्या रजिस्टरमधली पहिली नोंद जातीच्या दाखल्याला आणि पुढे पडताळणीला लागते, म्हणून बाप घाबरून लिहितो. या प्रश्नावर केंद्र सरकारने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलं की केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. कायद्याची बाजू अशी कडक होत असताना धोका कोणाला, तर ज्या मुलाच्या नावावर असा कागद आहे त्याला. या सगळ्याची पूर्ण माहिती आईला कोणी देत नाही.

पण माझा मुख्य मुद्दा दुसरा आहे. धोका पत्करून का होईना, राखीव जागेची वाट ठेवली ती मुलासाठी. मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा कोणी विचारच केला नाही, म्हणून तिचा रकाना खरा भरला गेला. घरात पैसा कमी असला की फी मुलावर जाते आणि धर्मादाय सोय मुलीच्या वाट्याला येते. ही गोष्ट ख्रिस्ती घरापुरती नाही. ती आपल्या सगळ्यांच्या घरातली आहे.

वसतिगृहांना मी नावं ठेवत नाही. ऊसतोडीच्या फडात मुलगी नेली तर तिने धाकट्या भावंडांना सांभाळायचं, पाणी भरायचं आणि तेरा-चौदाव्या वर्षी लग्न करून मोकळं व्हायचं, हे आपण बघतो. त्यापेक्षा वसतिगृहातलं जेवण, झोप आणि पुस्तकं शंभर पटीने बरी. महाराष्ट्रात मुलींच्या शाळांची सुरुवात करणाऱ्यांत मिशनच्या बायका होत्या. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांनी मुंबईत आणि नंतर अहमदनगरला मुलींसाठी शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते याच फरारबाईंकडे. हे ऋण आहेच. पण ऋण आहे म्हणून आईचा शब्द संपतो का?

हा प्रश्न एका बाईने १४० वर्षांपूर्वी विचारला होता. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्या विधवा होत्या आणि बरोबर दोन वर्षांची मनोरमा होती. वाँटेजच्या सिस्टरांच्या आश्रयाला त्या राहिल्या आणि तिथेच मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. मनोरमेला काय शिकवायचं यावरून सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांच्यात वाद झाला. राहायला जागा त्यांची, धर्मातला अधिकारही त्यांचा, तरी रमाबाईंचं म्हणणं होतं की जी शिकवण मला पटत नाही ती माझ्या मुलीला देऊ नका. ही पत्रं १९७७ साली ए. बी. शाह यांनी संपादित करून पुस्तकरूपात आणली. पुढे अमेरिकेच्या दौऱ्यात रमाबाईंना मनोरमेला त्याच सिस्टरांकडे परत पाठवावंही लागलं. कामासाठी लेकरू दुसऱ्यांकडे ठेवायचं आणि तरी तिच्यावरचा आईचा हक्क सोडायचा नाही, ही ओढाताण आमच्या ऊसतोडीच्या बाईला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८८९ साली रमाबाईंनी शारदा सदन काढलं आणि १८९३ साली तिथल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून वादळ उठलं. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तेव्हाही त्या मुलींना आणि त्यांच्या आयांना कोणी विचारलं होतं? काढून नेणाऱ्यांनीही नाही.

आता कायदा बघा. मुलांच्या पालकत्वासाठी ख्रिस्ती कुटुंबांना १८९० चा पालक आणि पाल्य कायदा लागतो. त्यात बाप हयात आणि लायक असेल तर न्यायालयाने दुसरा पालक नेमायचा नाही असं कलम होतं. त्यात आईचं नाव यायला २०१० साल उजाडावं लागलं. २०१५ साली एका अविवाहित ख्रिस्ती आईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बापाला नोटीस न देताही तिला पालकत्व मागता येतं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायचं आहे. म्हणजे कागदावर आई आली. फॉर्म भरताना ती अजून दाराबाहेर उभी आहे.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. दर वर्षी जूनच्या आधी गटांनी प्रवेशाची बैठक घ्यावी. फॉर्म मोठ्याने वाचून दाखवावा. धर्म आणि जातीच्या रकान्यात काय लिहिलं तर पुढे काय होतं, हे आईला समजावून सांगावं आणि मगच तिची सही घ्यावी. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत बसवता येत नाही. हे मिशनच्या शाळेतल्या हिंदू मुलीला लागू आहे, तसंच इतर शाळेतल्या ख्रिस्ती मुलीलाही. ते दोघींच्या आयांना माहीत असावं. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारने २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर केली. आपल्या तालुक्यात त्यातून काय उभं राहिलं, मुलींना किती जागा आहेत, हे गटांनी जाऊन बघावं. सरकारी सोय जवळ असेल तर आईला खरी निवड करता येईल. एकच दार उघडं असेल तर त्याला निवड म्हणता येत नाही.

आणि त्या आईने चर्चची शाळाच निवडली तर? तर आपण तिच्या पाठीशी उभं राहायचं. तिने कुठला देव मानावा हे ठरवायला आपण गट काढलेले नाहीत.

गंगाखेड हे जनाबाईचं गाव. तिलाही लहानपणीच बापाने पंढरपूरला दुसऱ्याच्या घरी ठेवलं, असं सांगतात. तिच्या आईला काय वाटलं, ते त्या कथेत कुठे येत नाही.

बैठकीतल्या त्या बाईला मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, लेक कुठं शिकावी?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "शिकू द्या तिथंच. पर मला म्हैन्याला भेटू द्या म्हणावं. अन् धा वी झाल्यावर काय, त्ये मला आत्ताच सांगा." दोन्ही मागण्यांचा अर्ज आम्ही त्याच बैठकीत लिहिला. खाली पहिला अंगठा तिचा आहे.