कोवळी बोटे आणि कठीण कातळ

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत चौदा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर माझ्या दवाखान्यात आला. मूळचा आपल्याच तालुक्यातला, शिक्षणासाठी पुण्याला मामाकडे राहणारा आणि तेथे प्रस्तरारोहणाच्या स्पर्धांत उतरणारा. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा मधला सांधा दुखत होता. पडल्याचा वा मार लागल्याचा इतिहास नव्हता, सूज बेताचीच होती. मी बोट हलवून पाहिले, ‘मुरगळले असेल’ असे म्हटले आणि वेदनाशामक गोळ्या व आठवडाभराची विश्रांती लिहून दिली. क्ष-किरण तपासणी करावी असे मला सुचले नाही.

मे महिन्यात तो पुन्हा आला, तेव्हा ते बोट पूर्ण मिटत नव्हते. या वेळी काढलेल्या चित्रात मधल्या पेराच्या तळाशी, वाढीच्या पट्टीतून गेलेली भेग स्पष्ट दिसली. ती दिवाळीतही तेथे असणार, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. आई म्हणाली, “पंधरा दिवसांवर निवड चाचणी आलीय डॉक्टर, काय तरी करा की.” मुलगा मात्र वजनकाट्यावरून उतरताना मला विचारत होता, “किती भरलं, काका?” सहा महिन्यांत त्याची उंची वाढली होती आणि वजन दोन किलोंनी घटले होते. आकडा ऐकून तो खूश झाला. बोटापेक्षाही त्या आनंदाने मी अधिक अस्वस्थ झालो. त्या अस्वस्थतेतूनच हा लेख लिहीत आहे.

आपल्या मंडळींना कडे चढणे नवे नाही. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला हिरकणीची कथा आणि सिंहगडाचा कडा कोणी शिकवावा लागत नाही. आपल्या तालुक्यातला भीमगड तर घरचाच. परंतु आज ज्याला स्पर्धात्मक आरोहण म्हणतात, तो एक स्वतंत्र आणि अत्यंत शिस्तबद्ध खेळ आहे. त्याचे तीन प्रकार आहेत. पहिला वेगाचा : पंधरा मीटर उंचीची भिंत, जगभर त्याच जागी बसवलेल्या त्याच खोबणी आणि सेकंदाच्या शतांशावर ठरणारा निकाल. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्डोने ही भिंत ४.७५ सेकंदांत चढून सुवर्णपदक घेतले. दुसऱ्या प्रकारात दोर बांधून सहा मिनिटांत जास्तीत जास्त उंची गाठायची असते. तिसरा बोल्डरिंगचा : भिंत बुटकी, दोर नाही, खाली गाद्या, पण प्रत्येक हालचाल एक कोडे. या शेवटच्या दोन प्रकारांत खेळाडूंना आधी एकांतात ठेवतात. प्रश्नपत्रिका जशी वेळेवरच हाती पडते, तसा मार्ग त्यांना ऐन वेळी दिसतो.

हा खेळ ऑलिंपिकमध्ये प्रथम आला तो २०२१ साली भरलेल्या टोकियो स्पर्धेत. तेव्हा तिन्ही प्रकार मिळून एकच पदक होते. पॅरिसला वेगाचा प्रकार वेगळा झाला आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत तिन्हींना स्वतंत्र पदके असतील. महाराष्ट्रातही या खेळाने मूळ धरले आहे. मुंबईच्या ‘गिरिविहार’ या जुन्या संस्थेच्या पुढाकाराने २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा भरली होती. पुण्याच्या तुहीन सातारकरने या खेळाला व्यवसाय मानण्याचे धाडस केले आणि बदामीच्या लाल वालुकाश्मावरील ‘गणेशा’ हा अतिकठीण मार्ग चढणारा पहिला भारतीय म्हणून नाव मिळविले. आपल्या कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा ज्या बदामी-पट्टदकलच्या मुलखातून वाहते, तेथे आज देशोदेशीचे आरोहक येतात. म्हणजे हा खेळ आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. उद्या आपल्या दवाखान्यांत अशी आणखी मुले येतील.

या व्यवसायाचे आयुष्य कसे असते? स्लोव्हेनियाची यान्या गार्नब्रेट हे त्याचे सर्वांत लखलखीत उदाहरण. १९९९ चा जन्म, लहानपणापासून भिंतीशी मैत्री, सोळाव्या वर्षी विश्वचषकात पदार्पण, २०१९ मध्ये बोल्डरिंगच्या त्या मोसमातील सर्व सहा विश्वचषक स्पर्धांत विजय आणि मग टोकियो व पॅरिस अशी सलग दोन ऑलिंपिक सुवर्णपदके. पण मला तिचे मोठेपण आणखी एका गोष्टीत वाटते. २०२३ मध्ये, कारकिर्दीच्या ऐन भरात असताना, या खेळातील उपासमारीविषयी ती जाहीरपणे बोलली. शरीर जितके हलके तितके बोटांवरचे ओझे कमी, हे साधे गणित आहे आणि त्या गणितापायी खेळाडू स्वतःला उपाशी ठेवतात. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वैद्यकीय समितीवरील जर्मन तज्ज्ञ डॉ. फोल्कर शॉफ्ल यांनी, या प्रश्नावर पुरेशी पावले उचलली जात नाहीत म्हणून समितीचा राजीनामा दिला. त्यानंतर २०२४ पासून महासंघाने खेळाडूंच्या आरोग्य-तपासणीचे नवे नियम आणले. एका डॉक्टराने खुर्ची सोडल्याने वाद चव्हाट्यावर आला, ही गोष्ट आपल्या संघटनेच्या स्मरणिकेत नोंदवून ठेवावीशी वाटते.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. प्रौढ आरोहकाच्या बोटावर अतिरिक्त ताण आला, तर बहुधा कंडरेला हाडाशी धरून ठेवणारा पट्टा फाटतो. वाढत्या मुलात मात्र हाडाची वाढीची पट्टी ही त्या पट्ट्याहून कमजोर असते. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात ती सर्वांत नाजूक असते आणि नेमक्या त्याच वयात सरावाची तीव्रता वाढवली जाते. बोटांची टोके दुमडून बारीक खाचेला लटकणे, लाकडी पट्ट्यांच्या फळीवर पाय न टेकवता निव्वळ बोटांनी वर जाणे, अशा सरावाने एकही मोठा अपघात न होता ही पट्टी हळूहळू भंगते. लवकर ओळखले आणि भार थांबवला, तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. उशीर झाला, तर वाढ अकाली थांबून बोट आखूड वा वाकडे राहू शकते. म्हणून वाढीच्या वयातील आरोहकाच्या मधल्या सांध्याचे दुखणे हे, उलट सिद्ध होईपर्यंत, अस्थिभंग समजावे. मी ते समजलो नाही.

दुसरा प्रश्न अन्नाचा. खर्च होणाऱ्या ऊर्जेइतके अन्न पोटात न गेल्यास शरीर आधी वाढ, मग पौगंडावस्थेतील बदल आणि मग हाडांची घनता यांवर काटकसर करते. मुलींची पाळी लांबते वा थांबते. अशी हाडे अधिक सहज मोडतात, म्हणजे हे दोन्ही प्रश्न अखेरीस एकच होतात. कुपोषण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गरिबी येते. भरल्या ताटावरून उठणाऱ्या, पदके मिळवणाऱ्या मुलाचे कुपोषण ओळखायला आपली नजर सरावलेली नाही.

यावर कोणी म्हणेल की, शिखर गाठायचे तर लवकर सुरुवात आणि त्याग हवाच. लवकर सुरुवातीला माझा विरोध नाही. मल्लखांबावर आपली मुले कोवळ्या वयापासूनच खेळत आली आहेत. आरोहण हा तर बुद्धी, धैर्य आणि तोल यांचा सुंदर खेळ आहे. बंगळूरच्या मणिकंदन कुमारचा पाय लहानपणीच पोलिओने अधू झाला, तरी २०१२ मध्ये दिव्यांगांच्या जागतिक आरोहण स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळविले. ज्यांनी पोलिओचे वॉर्ड पाहिले आहेत, त्या माझ्या पिढीच्या बालरोगतज्ज्ञांना याचे मोल वेगळे सांगायला नको. पण त्याग करायचा की नाही, हे ठरवण्याइतके वय ज्याचे नाही, त्याच्या वतीने तो आपण मोठ्यांनी करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून व्यवसायबंधूंना तीन विनंत्या. तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सही करण्यापूर्वी मुलाची उंची व वजन वाढीच्या तक्त्यावर मांडा आणि मागच्या नोंदींशी ताडून पाहा. बोट दुखत असेल, तर क्ष-किरण चित्र काढल्याशिवाय धीर देऊ नका आणि चित्र स्वच्छ असूनही दुखणे टिकले, तर पुढील तपासणी करा. ‘वजन कमी कर’ असे वाढत्या मुलाला कोणी सांगितल्याचे कळले, तर त्या व्यक्तीशी स्वतः बोला. पालकांना विनंती एकच : सामन्यानंतर ‘कितवा आलास?’ याआधी ‘जेवलास का?’ हे विचारा.

त्या मुलाने ती निवड चाचणी दिली नाही. चार महिने भार बंद ठेवला, आईने डबा पुन्हा भरून द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी तो भिंतीवर परतला. आजही चढतो. मधले बोट मात्र पूर्ण मिटत नाही. गावी आला की तो ते मला दाखवून हसतो. मला मात्र दिवाळीतली ती चिठ्ठी आठवते.