विश्लेषण : मंत्राने विंचू उतरतो, असे का वाटते? खरा उपचार कसा ओळखावा?

‘काढा घेतला आणि मधुमेह गेला’, ‘मंत्र टाकला आणि विंचू उतरला’... व्हॉट्सॲपवर असे अनुभव सतत फिरत असतात. सांगणारा खोटेच बोलतो असे नाही. तरीही एखाद्याचा अनुभव हा पुरावा का ठरत नाही, हे कोकणातील विंचूदंशाच्या उदाहरणावरून समजते.

मंत्राचा ‘गुण’ कशामुळे?
बहुतेक विंचूदंशांत तीव्र वेदना होतात आणि काही तासांत त्या आपोआप ओसरतात. श्रेय मात्र मांत्रिकाला जाते. लाल विंचवाचे विष हृदयावर परिणाम करते, फुप्फुसांत पाणी साचू शकते. अशा वेळी, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, मंत्रात गेलेले तास जिवावर बेततात. ‘उतरलेले’ विंचू गावभर सांगितले जातात. दगावलेल्यांचा हिशेब मांत्रिक ठेवत नाही.

विज्ञानाने काय केले?
महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात उच्च रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरले आणि मृत्यू घटले. पण ते तिथेच थांबले नाहीत. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ७० रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी झाली. ३५ जणांना फक्त प्राझोसिन, तर ३५ जणांना त्यासोबत प्रतिविष देण्यात आले. दहा तासांनंतर पहिल्या गटातील ८, तर दुसऱ्या गटातील ३२ जणांची लक्षणे पूर्ण गेली होती. आपल्याच जुन्या उपचारापेक्षा सरस उपचार असल्याचे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. विज्ञानाची खूण हीच.

वाचकांनी काय तपासावे?
• तुलना कोणाशी केली? दुसरा उपचार घेतलेल्यांचे काय झाले?
• किती जणांना गुण आला नाही, हे सांगितले आहे का?
• एकच औषध सगळ्या आजारांवर चालते, असा दावा आहे का?
• सुरू असलेली औषधे बंद करायला सांगितली जातात का? तसे असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

कायदा काय सांगतो?
मधुमेह, कर्करोग आदी आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे गुन्हा आहे. मात्र कायदा नंतर येतो. दंश झालेल्या मुलाला रात्री कुठे न्यायचे, हे घरच्यांनाच ठरवावे लागते. त्या वेळी मांत्रिकाच्या आधी १०८ क्रमांकावर फोन जायला हवा.